गगनबावड्याची थंडी आणि जुनी डिझेल गाडी: आधी धूर बघा, मग पाना उचला

कोल्हापूर ते गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. फुलेवाडी सोडून बालिंग्याला भोगावती ओलांडली की कळे, साळवण, असळज करत रस्ता घाटमाथ्याला जातो. तिथून पुढं करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. पावसाळ्यात सगळा जिल्हा या रस्त्यावर लोटतो, पण मला तो जानेवारीतच जास्त आवडतो. ऊसतोड जोरात असते, गुऱ्हाळांचा गोड वास काचा खाली करून घ्यावासा वाटतो, आणि पहाटे कोकणातलं धुकं कड्यावरून वर चढताना दिसतं. यंदा मी आणि आमचा चुलत दादा मुक्कामालाच गेलो.

गाडी २००३ सालची. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, रोटरी मायको पंप (डिझेल दाबानं नोझलकडं पाठवणारा), नोझलमधून डिझेल आधी सिलिंडरला जोडलेल्या छोट्या प्रीचेंबरमध्ये पडणार अशी जुनी रचना. पहिल्या इंडिका, जुन्या सुमो, क्वालिस, डिझेल अॅम्बेसेडर या सगळ्या याच जातीच्या, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. जाताना गाडीनं काही त्रास दिला नाही. ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांमागं संथपणे जावं लागलं, एवढंच. रात्री या रस्त्यावर ऊसगाड्या आणि बैलगाड्या असतात, सगळ्यांनाच मागं रिफ्लेक्टर असतो असं नाही. दिवस मावळायच्या आत पोचेल असं बघूनच निघा.

सकाळी साडेसहाच्या सुमारास निघायचं होतं. दवानं बॉनेट चिंब झालं होतं. चावी फिरवली, हिटरचा, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधी आतली हवा तापवणाऱ्या प्लगांचा, दिवा लागला, विझला. सेल मारला. इंजिन रोजच्याच वेगानं फिरलं, पण धरलं नाही.

इथं बहुतेक जण सेल मारत राहतात आणि बॅटरी बसवून टाकतात. तसं करू नका. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारायचा नाही, मग निदान अर्धा मिनिट स्टार्टरला गार होऊ द्यायचं. आणि त्या दहा सेकंदांत एक माणूस सायलेन्सरमागं उभा करायचा. जुन्या डिझेलचा अर्धा आजार धूरच सांगतो. इंजिन जोरात फिरतंय पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास मारणारा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. इंजिन रेंगाळत फिरतंय किंवा नुसतं ‘टक टक’ करतंय, तर धुराकडं बघायचं कारण नाही, आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग बघा.

दादा मागं उभा राहिला. "काय बी नाही रे, नुसती हवा," म्हणाला.

म्हणजे डिझेल नाही. पहिली तपासणी सोपी आहे: चावी ऑन करताना मायको पंपाजवळ कान द्या. पंपावरचा कट-ऑफ सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारी डिझेलची झडप, ‘टक’ करून उघडला पाहिजे. तो आवाज नसेल तर त्याच्या वायरला १२ व्होल्ट येतात का ते टेस्ट लॅम्पनं (वायर जोडलेल्या छोट्या बल्बनं) बघा. या सोलेनॉइडला करंट नसेल तर पंप डिझेल सोडणारच नाही, बाकी कितीही खटपट केली तरी. आमचा आवाज नीट येत होता. मग फिल्टरवरचा हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबून बघितला तर मऊ, रिकामा. लाइनमध्ये एअर आली होती.

टाकी पंपापेक्षा खाली असते. लाइनमध्ये कुठं बारीक फट असेल तर रात्रभरात तिथून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडं परत उतरतं. चालू गाडीत हे जाणवत नाही, कारण पंप सतत ओढत असतो. थंडीत रबर आखडतं, कडक होतं, आणि उन्हाळ्यात जो जोड कसाबसा धरून होता तो सुटतो. बहुतेक वेळा फट असते ती नोझलवरून परत जाणाऱ्या बारीक रबरी नळ्यांमध्ये, फिल्टरच्या रबर रिंगमध्ये, किंवा प्रायमरच्याच व्हॉल्व्हमध्ये. बाहेर डिझेल ठिबकताना दिसेलच असं नाही. हवा आत जायला पुरेल इतकी फट डिझेल बाहेर यायला पुरत नाही, म्हणून भलेभले फसतात.

फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा) थोडा सैल केला, खाली फडकं धरलं आणि प्रायमर दाबत राहिलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळून प्रायमर आणखी दाबला, तो दगडासारखा घट्ट झाला. पुन्हा सेल मारला, तर दादा मागून ओरडला, "आला आला, पांढरा आला!"

एक अडचण सुटली आणि दुसरी समोर आली.

तेवढ्यात आम्ही जिथं उतरलो होतो तिथले मालक मामा अंगावर घोंगडं घेऊन बाहेर आले. "पावणं, गाडी धरंना झाली व्हय? थांबा, चुलीतलं इंगळ आणतो, घमेल्यातनं इंजिनाखाली सरकवूया." घाटाकडं पूर्वी ट्रकवाले हे करायचे असं ते म्हणाले. मनापासून मदत करत होते, पण मी हात जोडले: "नको मामा, आत्ताच डिझेल सांडलंय खाली." जुन्या इंजिनाखाली तेल आणि डिझेलचा थर असतोच. विस्तव इंजिनाखाली कधीही नेऊ नये. तसंच एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा ईथरचा स्प्रे मारणं. हिटर असलेल्या इंजिनात तापलेल्या हिटरवर ती वाफ वेळेआधीच भडकते आणि पिस्टनच्या रिंगा नाहीतर पिस्टनच फुटतो. हे दोन्ही प्रकार गॅरेजमध्ये सर्रास होताना दिसतात. आपल्या गाडीला करू देऊ नका.

आता हिटर. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. प्रीचेंबरच्या इंजिनात हवा जवळपास २२ पट दाबली जाते, तरीही थंडीत तेवढ्यानं भागत नाही. चेंबरच्या गार भिंती आणि अरुंद तोंड त्या हवेतली बरीच उष्णता शोषून घेतात. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये एक हिटर प्लग असतो. नंतरच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना तो कमी लागतो, आपल्याला मात्र कोल्हापूरच्या थंडीतही लागतो. आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागून विझला म्हणजे हिटर तापले असं अजिबात नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमर पाळतो. चारही हिटर मेलेले असले तरी तो रोज नेमानं लागेल आणि विझेल.

तपासायला लागतो तो एक टेस्ट लॅम्प आणि एक छोटा पाना. आधी चावी ऑन करून हिटरांना जोडणाऱ्या पट्टीवर करंट येतो का ते बघा. येत नसेल तर रिले किंवा मोठा फ्यूज गेला. आमच्या पट्टीवर करंट होता. मग चावी बंद करून पट्टीचे नट काढले, पट्टी बाजूला केली. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावून टोक एकेका हिटरच्या डोक्याला टेकवलं. हिटर जिवंत असेल तर दिवा लागतो, आतली तार तुटली असेल तर लागत नाही. पहिला लागला, दुसरा नाही, तिसरा नाही, चौथा लागला. चार सिलिंडरांतले मधले दोन थंडच राहत होते.

दोन हिटरांवर इंजिन धरू शकतं, पण त्याला सेल जोरात मारायला हवा, आणि एव्हाना बॅटरी १२.१ व्होल्टवर आली होती. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी रात्रभर उभी राहून १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मीच उरली. सेल मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. वर थंडीत बॅटरीची ताकदच कमी होते, आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यानं मागणी मात्र वाढते.

दूध संकलनाचा टेम्पो त्याच वेळी आला. जंप केबल माझ्या डिकीत असतेच. क्रम पाठ करून ठेवा: लाल केबल आपल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चालू गाडीच्या प्लसला, काळी केबल चालू गाडीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू नये म्हणून हे. टेम्पो पाच-दहा मिनिटं चालू ठेवला. मग पट्टी परत बसवून हिटर लागोपाठ दोनदा तापवले, क्लच पूर्ण दाबला, अॅक्सिलरेटर अर्धा, आणि सेल. इंजिनानं थरथरत, खोकत धरलं, पांढरा लोट निघाला आणि मिनिटभरात चारही सिलिंडर सुरळीत झाले.

हे थरथरणं लक्षात ठेवा. सकाळी गाडी चालू होते पण पहिला अर्धा-एक मिनिट लंगडते आणि मग गुळगुळीत होते, असं होत असेल तर बहुधा एखादा हिटर गेलेला आहे. त्याच टप्प्यावर बघितलं तर घाटात अडकायची वेळ येणार नाही.

टेम्पोवाल्या भावानं जाताना विचारलं, "डिझेल गोठलं असंल काय ओ? थोडं रॉकेल घालून बघा की." हा समज खूप पसरलेला आहे म्हणून लिहितो. भारतीय मानकानुसार हिवाळ्यातल्या डिझेलनं ६ अंशांपर्यंत तरी फिल्टरमधून वाहायला हवं. कोल्हापुरात थंडीची लाट आली तरी पारा सहसा दहाच्या आसपास थांबतो. लडाखसारख्या ठिकाणचा प्रश्न वेगळा आहे, तिथं डिझेल खरोखर थिजतं, आणि त्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. आपल्याकडं डिझेलमधलं मेण गोठायला तेवढी थंडीच नसते. रॉकेलनं मायको पंपाचं वंगण मात्र कमी होतं, आणि तो पंप डिझेलवरच वंगण घेतो. माझं ठाम मत आहे, कोल्हापूर जिल्ह्यात धडधाकट डिझेल गाडी थंडीमुळं बंद राहत नाही. काहीतरी आधीच अधू झालेलं असतं, ते शोधा.

तो दिवस आम्ही सोडला नाही. इंजिन गरम असताना गाडी दगा देणार नाही हे माहीत होतं. गगनगडावर जाऊन आलो, घाटाच्या तोंडाशी थांबून धुकं विरताना बघितलं, आणि उजेडात परत फिरलो.

परत आल्यावर गाडी थेट शिवाजी उद्यमनगरात. घाटभागात पंक्चर आणि किरकोळ कामं होतात, मायको पंप, नोझल, हिटर यांचा हात बसलेला मिस्त्री मात्र उद्यमनगरातच शोधावा. हिटर काढणं हे घाईचं काम नाही. वर्षानुवर्षं काजळीत रुतलेला हिटर गार इंजिनात जोर लावून फिरवला तर हेडमध्येच तुटतो, आणि मग हेड उतरवावं लागतं. आमच्या मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी इंजिन तापवून थोडं पुढं, थोडं मागं असं करत एकेक काढला. भोकातली काजळी साफ केली. नवे चारही एकदम टाकले. दोनच बदलले तर उरलेले लवकरच मान टाकतात. हिटर घेताना व्होल्टेज आणि टाइप जुन्याशी जुळवून बघा. चुकीच्या व्होल्टेजचा हिटर दिसायला सारखाच असतो आणि थोड्याच दिवसांत जळतो.

नोझलवरच्या परतीच्या नळ्या बदलल्या, एक तर हातात घेतल्यावर मोडली. फिल्टर आणि रिंग नवी. फिल्टर ते पंप या मधल्या भागात मिस्त्रींनी डिझेलला चालणारी पारदर्शक नळी टाकून दिली, सकाळी बॉनेट उघडलं की बुडबुडा आहे का ते दिसतं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली आणि वर पेट्रोलियम जेली. इंजिनाची अर्थ पट्टी काढून घासून परत आवळली. ही पट्टी कुणी बघत नाही. मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या मायनसला आणि इंजिनाच्या लोखंडाला टोकं लावून सेल मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंग खराब आहे, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही.

एवढं सगळं करूनही पांढरा धूर निघत राहिला आणि गाडी धरली नाही, तर मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब), टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर), नोझल आणि पंपाचं टायमिंग, हे क्रमानं तपासा. चालू इंजिनात ऑइलचं झाकण काढल्यावर फकफक धूर येत असेल तर कॉम्प्रेशनकडंच बोट जातं. ऑइलही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच असू द्या. जुनं इंजिन म्हणून सरसकट जाड २०डब्ल्यू-५० घालायची पद्धत आहे. हिवाळ्यात तेच ऑइल स्टार्टरला ओढायला लावतं. माझ्या इंजिनाला १५डब्ल्यू-४० चालतं, आणि सकाळच्या सेलमध्ये फरक कानाला कळतो.

काम झाल्यावर खात्री करायला मुद्दाम पन्हाळ्याला मुक्काम केला. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर, वर रात्रभर बोचरं वारं, आणि काही झालंच तर उद्यमनगर जवळ. चाचणीसाठी याहून चांगली जागा नाही. गाडी तीन दरवाजाच्या बाजूला उघड्यावर लावली. सकाळी पारदर्शक नळी भरलेली, प्रायमर घट्ट, एकदा हिटर आणि पहिल्याच सेलला गाडी चालू.

तिथं किंवा घाटात मुक्कामाला जाणार असाल तर गाडी उताराकडं तोंड करून लावा, हँडब्रेक आणि चाकाला दगड लावून. ढकलस्टार्टची वेळ आलीच तर आधी हिटर तापवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा, रिव्हर्समध्ये कधीच नाही. टायमिंग बेल्टच्या इंजिनात उलट्या झटक्यानं बेल्टचा दात सरकला तर व्हॉल्व्ह वाकतात. ऑटोमॅटिक गाडीला हा उपाय नाही. डिकीत जंप केबल, टेस्ट लॅम्प, हिटरच्या नटाचा पाना, ब्लीड स्क्रूचा पाना, थोडी डिझेलची नळी, दोन क्लिप आणि फडकं ठेवा. हिटरची तपासणी दिवाळीच्या सुमारास करून घ्या, त्या वेळी हवा उबदार असल्यानं इंजिन सहज सुरू होतं आणि मेलेला हिटर कुणाच्या लक्षात येत नाही. टाकी कोल्हापुरातच भरून निघा, निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. रिकाम्या टाकीत दव धरतं, ते पाणी फिल्टरच्या तळाशी साठतं, आणि फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडून ते महिन्यातून एकदा काढायचं असतं.