जुन्या केस पेपरांवर डोळ्यांचा रिसर्च आणि त्यासाठी ग्रँट: माझा अनुभव

आमच्या प्रोजेक्टला ग्रँट मंजूर झाल्यापासून ओळखीतले बरेच जण एकच विचारतायत, की नवीन पेशंट घ्यायचे नाहीत, मशीन घ्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, मग पैसे कशासाठी मागितले आणि ते मिळाले कसे? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये रेटिनाचे पेशंट बघते. गोवंडी, मानखुर्द, कुर्ला या भागात आमचे शुगरवाल्या पेशंटसाठी कॅम्प असतात. तिथे डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा, खराबी दिसली की चिठ्ठी द्यायची आणि हॉस्पिटलला या म्हणून सांगायचं. चिठ्ठ्या भरपूर दिल्या जातात, पण ती घेऊन खरंच येतात किती जण, किती उशिरा येतात आणि कोण येतच नाही हे आम्हाला नीट माहीत नव्हतं. उत्तर मात्र आमच्याच इमारतीत पडून होतं, कॅम्पची रजिस्टरं एका कपाटात, केस पेपर रेकॉर्डरूममध्ये आणि मधल्या काळातला डेटा एका बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या बॅकअपमध्ये.

हा प्रश्न मला का महत्त्वाचा वाटतो ते सांगते. रेटिनोपथी, म्हणजे शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी खराबी, सुरुवातीला दुखत नाही, नजरही चांगली असते, त्यामुळे ज्याला व्यवस्थित दिसतंय तो माणूस रोजगार बुडवून ओपीडीच्या रांगेत का बसेल? त्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की पुढचे काही तास जवळचं धड दिसत नाही, म्हणजे शिवणकाम किंवा जरीकाम करणाऱ्याचा तो अख्खा दिवस गेला. आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब स्टडीनुसार देशात डायबेटीसचे सुमारे 10.1 कोटी लोक आहेत, आणि 2015-19 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 50 च्या वरच्या डायबेटीसवाल्यांमध्ये 16.9 टक्क्यांना रेटिनोपथी सापडली होती. एवढ्या लोकांची नुसती तपासणी करून भागत नाही, तपासणीनंतर माणूस उपचारापर्यंत पोचला पाहिजे, आणि तो मधल्या कुठल्या टप्प्यावर गळतो हे शोधायला नवीन सर्वे कशाला, आपली रजिस्टरं नीट वाचली तरी बरंच कळेल असं माझं ठाम मत होतं आणि आहे.

पहिली अडचण फंडरच्या, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेच्या, आधीच आली, घरातच म्हणा ना. डेटा तर आहेच की, पीजीच्या, म्हणजे पुढचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर मुलांकडून एक्सेलमध्ये भरून घ्या, असं जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. मला हे अजिबात पटत नाही. पीजीची मुलं रात्रीची ड्युटी करून दिवसा ओपीडी करतात, त्यांनी मधल्या वेळात भरलेल्या शीटवर कुणाच्या उपचाराचं धोरण ठरवायचं? केस पेपरवरचं अक्षर, चार वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेली नजर, कोरे सोडलेले रकाने, हे सगळं वाचून एकसारखं करणं हे पूर्णवेळ काम आहे आणि ज्याने ते करायचं त्याला पगार मिळाला पाहिजे. अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने आधीच गोळा झालेल्या डेटाच्या विश्लेषणासाठी वेगळी ग्रँट योजना चालवलेली आहे, म्हणजे हे काम पैसे देण्यासारखं आहे हे तिकडे मान्य झालंय. आमच्या ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये मी हेच उदाहरण दिलं आणि त्यांनी अर्ज करायला परवानगी दिली.

मग कुठे अर्ज करायचा हे बघितलं. आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना पैसे देणाऱ्या योजनेत स्मॉल ग्रँट 2 कोटींपर्यंत असते, आमची गरज त्याच्या आसपासही नव्हती, आणि ट्रस्टच्या संस्थेला तिथे डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता लागते, ती आमच्याकडे अजून प्रोसेसमध्ये आहे. परदेशी फंडिंगचा विचार लवकरच सोडला, कारण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा आला, वर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी आली, आणि आमच्यासारख्या छोट्या टीमला त्यातच दम लागला असता. शेवटी आरोग्याच्या कामाला पैसे देणाऱ्या एका भारतीय फाउंडेशनने अर्ज मागवले होते, त्या कॉलमध्ये 'उपलब्ध डेटाचा वापर' असा विषय स्पष्ट लिहिलेला दिसला. अट एकच होती, ग्रँटच्या पैशातून नवीन डेटा गोळा करायचा नाही. ही अट पुढे आम्हाला चांगलीच नडणार होती.

आधी दोन पानांची कन्सेप्ट नोट मागतात. पहिल्या खर्ड्यात आमच्याकडे किती वर्षांचा डेटा आहे याचंच वर्णन फार झालं होतं, तेव्हा आमच्या मेडिकल डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे काय आहे हे त्यांना नंतर सांग, तुला काय विचारायचंय ते आधी लिही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पहिल्या परिच्छेदात फक्त प्रश्न ठेवला, दुसऱ्यात त्या प्रश्नाला हाच डेटा का चालतो ते, आणि तिसऱ्यात हा डेटा कुठे कमी पडतो ते. तो तिसरा परिच्छेद बरेच जण घाबरून गाळतात, माझ्या मते तोच सगळ्यात जास्त वाचला जातो.

नोट निवडली गेल्यावर फुल प्रपोजल आणि त्यासोबत एथिक्स कमिटीची मंजुरी. इथे एक गैरसमज खूप आढळतो, की जुना डेटा म्हणजे एथिक्स लागतच नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या गाइडलाइन्समध्ये रिव्ह्यूतून सूट आहे ती पब्लिक डोमेनमधल्या डेटासारख्या अगदी कमी जोखमीच्या कामांना. आमचं तसं नव्हतं, कारण कॅम्पच्या रजिस्टरमधला माणूस आणि केस पेपरवरचा माणूस एकच आहे हे जुळवायला नाव आणि मोबाइल नंबर बघावाच लागणार होता. म्हणून आम्ही सूट मागितलीच नाही, कन्सेंट वेव्हर मागितला, म्हणजे एवढ्या जुन्या पेशंटना गाठून प्रत्येकाची संमती घेणं शक्य नाही, धोका कमीत कमी आहे आणि ओळख काढून टाकूनच विश्लेषण होणार आहे, हे पटवून द्यायचं. कमिटी डीएचआरकडे (केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे) रजिस्टर झालेली हवी, तेही फंडरने तपासलं.

कमिटीने ओळख लपवण्यावर बारीक प्रश्न विचारले आणि मला ते आवडलं. परदेशातल्या पद्धतींमध्ये पिनकोडचे पहिले तीन आकडे ठेवा, बाकीचे काढा असं सांगतात, पण मुंबईचे सगळेच पिनकोड 400 ने सुरू होतात, म्हणजे तीन आकडे ठेवले तर कुलाबा आणि मानखुर्द एकच! पूर्ण पिनकोड ठेवला तर छोट्या वस्तीतला माणूस ओळखू येऊ शकतो. शेवटी पालिकेचा वॉर्ड ठेवायचं ठरलं, एम पूर्व, एल वगैरे. तारखांच्या जागी कॅम्पपासून हॉस्पिटलला पोचेपर्यंतचे दिवस आणि कॅम्पचं वर्ष, एवढंच. पडद्याच्या फोटोंवर कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, ते क्रॉप केल्याशिवाय फोटो पुढे जाणार नाही. आणि जुळवाजुळव करणारा माणूस वेगळा, विश्लेषण करणारा वेगळा, आणि कुठला नंबर कुठल्या पेशंटचा याची यादी, म्हणजे किल्ली, रेकॉर्डरूमच्याच कॉम्प्युटरवर. 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात रिसर्चसाठी सवलत आहे पण ती अटींसकट आहे, त्या डेटावरून एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेता येत नाही, तेही प्रोटोकॉलमध्ये लिहिलं.

प्रपोजलचा खरा कणा म्हणजे पद्धतीचा भाग, आणि तो आमच्या स्टॅटिस्टिशियन ताईंमुळे उभा राहिला. त्या अर्ज लिहायच्या आधीपासून टीममध्ये होत्या, डेटा हातात आल्यावर बोलावलेल्या नाहीत, आणि हे मी कुणालाही आग्रहाने सांगेन. सॅम्पल साइझचंच घ्या. डेटा ठरलेला आहे, वाढवता येत नाही, तर मग सॅम्पल साइझ कसला काढायचा? ताईंनी उलटं मांडलं, एवढ्या नोंदींमध्ये आपला अंदाज किती अचूक येईल, किती छोटा फरक आपल्याला दिसू शकेल आणि कुठला दिसणारच नाही. नजर स्नेलेनमध्ये, म्हणजे 6/6, 6/60 अशा पद्धतीने लिहिलेली, तिची सरासरी काढता येत नाही म्हणून ती लॉगमार या आकड्यांच्या पट्टीवर आणायची, 6/6 म्हणजे 0, 6/60 म्हणजे 1, ते सोपं, पण 'सीएफ' (फक्त बोटं मोजता येतात) आणि 'एचएम' (फक्त हाताची हालचाल दिसते) लिहिलेल्यांचं काय, त्यांना कुठला आकडा द्यायचा हे आधीच लिहून टाकायचं, निकाल बघून नाही. एका पेशंटचे दोन डोळे हे दोन वेगळे पेशंट नसतात, दोन्ही डोळे सुटे धरले तर आकडेवारी खोटीच मजबूत दिसते, म्हणून नजरेच्या विश्लेषणाला जीईई, म्हणजे एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचा संबंध धरणारं मॉडेल, आणि हॉस्पिटलला पोचला की नाही यासाठी माणूस हेच युनिट, जास्त खराब डोळ्याची ग्रेड (रेटिनोपथी किती वाढलीय ती पायरी) धरून. शिवाय कॅम्पमध्ये वय विचारलं की 50, 55, 60 असंच सांगतात लोक, त्यामुळे वयाचे गट जरा रुंद ठेवले. मार्च 2020 नंतरचा लॉकडाऊनचा काळ वेगळा काढला, कारण तेव्हा न येण्याची कारणंच वेगळी होती.

पार्श्वभूमीसाठी आमच्या अगदी शेजारच्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेचा लासी हा वयस्कर लोकांचा सर्वे कामाला आला. 2017-18 च्या पहिल्या फेरीत देशभरातल्या 45 आणि त्यावरच्या लोकांची आणि त्यांच्या जोडीदारांची मिळून 72 हजारांहून जास्त जणांची माहिती आहे, त्यात नजरही प्रत्यक्ष मोजलेली आहे, आणि रीतसर फॉर्म भरून रिसर्चसाठी डेटा मिळतो. ज्यांच्याकडे स्वतःचं हॉस्पिटल रेकॉर्ड नाही पण डोळ्यांवर काम करायचंय त्यांनी हा डेटा नक्की बघावा, मला वाटतं तो जेवढा वापरला जायला हवा तेवढा वापरला जात नाही.

मग आले रिव्ह्यूअरचे कमेंट्स. बाकीचे किरकोळ होते पण एक असा होता की मी दोन दिवस नीट झोपले नाही. त्यांनी विचारलं, जो पेशंट तुमच्याकडे आला नाही तो उपचाराला गेलाच नाही कशावरून? तो सायन हॉस्पिटलला गेला असेल, राजावाडी हॉस्पिटलला गेला असेल, गावी जाऊन दाखवलं असेल. मुद्दा शंभर टक्के खरा होता. सरळ उपाय म्हणजे न आलेल्यांना फोन करून विचारणं, पण तो नवीन डेटा झाला, ग्रँटची अट मोडते आणि वेव्हरसुद्धा टिकत नाही. ताई आणि मी बसून उत्तर लिहिलं. 'उपचाराला पोचले' हा शब्दप्रयोग सगळीकडून काढून 'रेफर केलेल्या हॉस्पिटलला पोचले' असं केलं, आणि न आलेल्यांपैकी वेगवेगळ्या प्रमाणात लोक दुसरीकडे गेले असं धरलं तर निष्कर्ष कुठपर्यंत टिकतो आणि कुठे कोसळतो याचं सेन्सिटिव्हिटी अॅनालिसिस घातलं. शिवाय दुसरीकडे दाखवून मग बऱ्याच काळाने आमच्याकडे आलेल्यांच्या केस पेपरवर आधीच्या लेझरची किंवा इंजेक्शनची नोंद असते, ती वेगळी काढायची ठरवली, त्यातून निदान एक अंदाज बांधता येईल. रिव्ह्यूअरशी वाद घातला नाही, त्यांच्यामुळे प्रश्न छोटा झाला पण खरा झाला.

दुसरा झगडा बजेटचा. आमच्या बजेटचा सर्वात मोठा हिस्सा माणसांच्या पगाराचा होता, डेटा एंट्री ऑपरेटर, नोंदी पडताळणारी एक ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारी) आणि ताईंचा वेळ. फंडरकडून विचारणा आली की एंट्री एकदाच का नाही, दोनदा कशाला. आम्ही आमच्याच थोड्या केस पेपरांवर ट्रायल केली होती, दोघांनी वेगवेगळं भरून जुळवून बघितलं होतं, आणि नजर व ग्रेड या दोन रकान्यांत तफावत जास्त होती. तो तक्ता जोडला आणि डबल एंट्री फक्त त्याच दोन रकान्यांसाठी ठेवली, बाकीची एकेरी केली. ते मान्य झालं. जुन्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने बॅकअप उघडून द्यायला जे पैसे सांगितले ते मात्र फंडरने कापले, तो खर्च ट्रस्टने उचलला. रेकॉर्डरूमच्या काकांच्या ओव्हरटाइमची लाइन मी हट्टाने ठेवली, कारण कुठल्या वर्षाचे गठ्ठे कुठे आहेत आणि 26 जुलै 2005 च्या पुरात कुठले भिजले हे फक्त त्यांना माहीत आहे, आणि हे ज्ञान फुकट घेणं मला बरोबर वाटलं नाही.

मंजुरीचं पत्र आल्यावर करार, वेगळं बँक खातं, पहिला हप्ता, दर सहामाहीला पैसे कुठे खर्च झाले याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, हे सगळं अकाउंट्सवाल्यांनी सांभाळलं. आता ऑपरेटर कामाला लागलेत, पहिल्या दोन वर्षांची रजिस्टरं भरून झालीत, आणि विश्लेषणाचा आराखडा डेटा उघडायच्या आधीच तारखेसह फंडरकडे आणि कमिटीकडे जमा केलाय. रिपोर्ट लिहिताना रोजच्या कामात जमलेल्या, म्हणजे रूटीन डेटासाठी जी रेकॉर्ड (RECORD) नावाची 2015 ची चेकलिस्ट आहे ती पाळणार आहोत, आणि खरं तर अर्ज लिहितानाच ती समोर ठेवली तर निम्मे प्रश्न रिव्ह्यूअरने विचारायच्या आधीच सुटतात.

आमचा डेटा डिक्शनरीचा नमुना तयार आहे, नजर, ग्रेड, वॉर्ड, दिवस, सगळ्या रकान्यांच्या व्याख्यांसकट, त्यात पेशंटची काहीच माहिती नाही. मुंबईतल्या किंवा बाहेरच्या कुठल्याही हॉस्पिटलला असं काम करायचं असेल तर मागा, पाठवते, एकाच व्याख्येने दोन ठिकाणी नोंदी झाल्या तर पुढे त्या शेजारी ठेवून बघता येतील.