तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसातलं बोलणं कधी थांबतं?

महसूल खात्यात नव्याने लागलेल्या मुली भेटल्या की हटकून विचारतात, "ताई, माझ्याबद्दल काहीबाही बोलतात. हे कधी थांबतं? तुम्ही निवृत्तीपर्यंत कसं निभावलंत?" ‘दुर्लक्ष कर’ असं मी सांगत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

नुसते दिवस गेले म्हणून बोलणं थांबत नाही. ज्या गोष्टीवरून ते सुरू झालं, ती निकाली निघाली की थांबतं. मला गौण खनिजाचं, म्हणजे वाळू-मुरूम-दगडाचं, टेबल मिळालं तेव्हा ‘साहेबांची मर्जी आहे’ अशी कुजबुज सुरू झाली. मे महिन्यात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी मला त्याच टेबलावर ठेवलं आणि जूनपासून कुणी अवाक्षर काढलं नाही. लोकांचा राग साहेबांवर होता, मी फक्त मधे सापडले होते. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने एका पदावर साधारण तीन वर्षं आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये असं ठरवून दिलं आहे. त्यामुळे फेब्रुवारीपासून कुजबुज चढते आणि ऑर्डरी निघाल्या की उतरते.

गोपनीय अहवालांचंही, म्हणजे साहेब आपल्या वर्षभराच्या कामावर लिहितात त्या शेऱ्यांचंही, तसंच. पूर्वी प्रतिकूल शेरा असेल तरच कळवायचे. मग ज्याला बढती मिळाली नाही तो ‘माझ्याविरुद्ध साहेबांचे कान कुणी भरले?’ याच विचारात वर्ष काढायचा. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे असं सांगितलं. अहवालाची प्रत हातात पडायला लागली तशी आमच्याकडे ही कानगोष्टींची चर्चा बरीच ओसरली. झाकून ठेवलं की लोक आपल्या मनाने भर घालतात, हे मी पुरेपूर पाहिलं आहे.

सगळ्यात चिवट भांडण ज्येष्ठतेचं. बढतीसाठी कोण आधी, कोण नंतर हे सांगणारी एक जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती यादी फलकावर लागते आणि एका क्रमांकासाठी जिवाभावाची माणसं तोंड फिरवतात. आमच्या शाखेत दोन अव्वल कारकून असेच अबोल झाले. टेबलं शेजारी, हात लांबवला तर पोहोचेल इतकी. पण फाईल शिपायाच्या हातून जायची. शिपाई दोन पावलं चालून ती ठेवायचा आणि आम्ही सगळे माना खाली घालायचो. मग विधानसभेची निवडणूक आली. मतदानानंतर साहित्य परत घेण्याच्या टेबलावर दोघांची नावं एकत्र लागली. रात्र चढत गेली तशी बाहेर मतदान पथकांची रांग वाढली. एकजण यंत्राचा नंबर मोठ्याने वाचत होता, दुसरा तो सतरा-सीवर, म्हणजे केंद्रावर झालेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यावर, ताडून पाहत होता. एका केंद्राची बेरीज जुळेना, तेव्हा दोघे एकाच कागदावर वाकले. "अहो, इथे तीनचा आठ वाचताय," एवढंच एकजण बोलला. पहाटे चहाही सोबत घेतला. त्यांचं मन साफ झालं की नाही, मला ठाऊक नाही. शिपायाचा फेरा मात्र बंद झाला.

म्हणून मी सांगते, ज्याच्याशी बिनसलं आहे त्याच्यासोबतचं काम टाळू नका. आणि रागाच्या भरात कुणाविरुद्ध लेखी अर्ज देऊ नका. तोंडी भांडण माणसं विसरतात, पण अर्जाला आवक क्रमांक पडला की खुलासे आणि चौकशी मागे लागते.

पण एका बाबतीत माझं सांगणं अगदी उलट आहे. कुणी अंगलगट करत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर ‘विरेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे ऑफिसातल्या अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. काय झालं, कधी झालं, तिथे कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. अर्जाचा मसुदा जमत नसेल तर माझ्याकडे या, आपण बसून लिहू.