गोल्टी, जोड आणि माझ्या लेकाची शाळा

माझ्या लेकाला ऑटिझम आहे. सातवीपर्यंत तो नेहमीच्या शाळेत गेला, म्हणजे आम्ही रेटला. घंटा झाली की कानांवर हात, मग रडणं, मग मला फोन. शेवटी एका बैठकीत सांगण्यात आलं की त्याला घरी ठेवलेलंच बरं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, हे तेव्हा माहीत असतं तर मी त्या खुर्चीवरून मुकाट उठले नसते.

सहा महिने तो पंचवटीतल्या आमच्या घरात पंख्याकडे बघत बसून होता. मग त्याच्या थेरपिस्टनी दिंडोरीकडच्या एका शेताबद्दल सांगितलं. सात-आठ मुलं, एक विशेष शिक्षिका, गाई-शेळ्या, थोडी द्राक्षं, कांदा. घरी विषय काढला आणि आबा, माझे सासरे, जेवता जेवता थांबले. "मातीतनं बाहेर पडायला माझी हयात गेली. नातवाला मजुरीला धाडताय का?"

तोच प्रश्न मी शेतावर जाऊन विचारला. तिथल्या शिक्षिका ताई रागावल्या नाहीत. त्यांनी एका मुलीची वही उघडून दाखवली. 'शेळ्यांना चारा घालणे' या कामापुढे लिहिलं होतं, 'एका वेळी दोन सूचना लक्षात ठेवणे'. प्रत्येक मुलाचा असा वेगळा आराखडा. मी आणखीही विचारलं: विहिरीला जाळी आहे का, बागेत फवारणी असते त्या दिवशी मुलं कुठे असतात, विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे शिक्षिकेची नोंदणी आहे का. तुम्हीही विचारा. संकोच करू नका, पोर आपलं आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. असं शेत म्हणजे मान्यताप्राप्त शाळा नव्हे, तिथून दाखला मिळत नाही. म्हणून आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, एनआयओएसचा रस्ता धरला. 14 वर्षं पूर्ण झाली की तिथे दहावीला नाव घालता येतं. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. त्या सवलतींसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. ऑटिझमची चाचणी 40 मुद्द्यांची असते आणि त्यातलं बरंच आईवडिलांना विचारतात. मी त्याचे घरातले व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला. अनोळखी खोलीत आपलं मूल वेगळंच वागतं.

जूनमध्ये तो शेतावर जायला लागला. पहिला आठवडा गाडीतून उतरलाच नाही. ताई रोज गाडीच्या खिडकीवर चित्रांचं वेळापत्रक लावायच्या: चप्पल, नळ, शेळी, डबा, घर. नवव्या दिवशी त्यानं चप्पल या चित्रावर बोट ठेवलं आणि उतरला.

त्याला खरं सापडलं ते कांद्याच्या चाळीत. साठवलेला उन्हाळी कांदा निवडायचं काम होतं. सडक्याचा वास त्याला सहन होईना, हात चिकट झाला की किंचाळायचा. ताईंनी हातमोजे दिले आणि तीन क्रेट समोर ठेवले. मोठा, गोल्टी म्हणजे बारका, आणि जोड म्हणजे जुळा. प्रत्येक क्रेटवर नमुन्याचा एक कांदा. सडके ताई स्वतः बाजूला काढत होत्या. त्यानं एक कांदा उचलला, नमुन्याशेजारी धरला, फिरवून पाहिला, ठेवला. मग दुसरा. तासभर तो हलला नाही. चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या त्याच्या पाठीवर पडल्या होत्या, कानांवरचे हात खाली आले होते. क्रेट भरला की काम संपलं, हे त्याला दिसत होतं. शाळेतला तास कधी संपणार हे त्याला कधीच दिसलं नव्हतं, हे मला त्या दिवशी उमगलं.

आता त्याच कांद्यांवर वजनं आणि बेरीज चालू आहे. अजूनही एखादा दिवस फार वाईट जातो. दिंडोरी रस्त्यावर बॅंड वाजत असला की सगळंच बिनसतं.

परवा बाजारातून आणलेले पाच किलो कांदे त्यानं ओट्यासमोर ओतले आणि निवडायला बसला. आबा बघत होते. थोड्या वेळानं गुडघे धरत त्याच्याशेजारी बसले आणि एक कांदा मोठ्यांच्या ढिगात टाकला. लेकानं तो उचलून बाजूला ठेवला.

"आबा, जोड."

आबांनी चष्मा लावून पाहिलं. जोडच होता.