शके अधिक ७८, मेइजी अधिक १८६७

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधले वर्ग, जुलै-डिसेंबरची जेएलपीटी (जपानी भाषेची पातळीवार परीक्षा), या सगळ्यातून भाषा पक्की होते. पण चर्चासत्रात निबंध वाचायची वेळ आली की विषय निघतो ‘जपानी संस्कृतीची ओळख’. यावर खुद्द जपानीत इतकं लिहून झालं आहे की इथून त्यात भर घालणं जवळपास अशक्य. आपल्याकडे आहेत ती मराठी साधनं. म्हणून विषय असा घ्यावा, की त्याचा एक पाय मराठीत आणि दुसरा जपानीत असेल.

उदाहरण हिंगण्याचंच घेऊ. तोक्योतल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती आली, १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी तिथलं घेतलं काय आणि सोडलं काय, हा खरा प्रश्न. नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये ती संस्था काढली तेव्हा तिथे गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तीन विभाग होते. त्यांचा अभ्यासक्रम आणि कर्व्यांचा मातृभाषेतून शिकवायचा आग्रह शेजारी-शेजारी ठेवले, तर वीस मिनिटांचा नेमका निबंध होतो.

पहिली चूक संस्थेच्या नावात होते. १९०१ मध्ये ती ‘निहोन जोशी दाइगाक्को’ होती. ‘दाइगाकु’ म्हणजे विद्यापीठ, पण शेवटच्या ‘को’मुळे (शाळा) अर्थ बदलतो, कायद्याने विद्यापीठाचा दर्जा तिला १९४८ मध्ये मिळाला. म्हणून त्या काळाबद्दल लिहिताना जुनंच नाव ठेवावं आणि तळटीप द्यावी.

दुसरी चूक तारखांची. शकात ७८ मिळवायची आपल्याला सवय आहे, तसंच जपानी कालखंडांच्या वर्षांत: मेइजी अधिक १८६७, ताइशो अधिक १९११, शोवा अधिक १९२५. म्हणजे मेइजी ३४ म्हणजे १९०१, ताइशो ५ म्हणजे १९१६. गफलत होते ती १८७३ च्या आधीच्या तारखांत. मेइजी ५ च्या बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत जपानात चांद्र पंचांग होतं. त्याच्या पुढच्याच दिवशी १ जानेवारी १८७३ उजाडला. त्याआधीचा ‘सहावा महिना’ म्हणजे जून नव्हे, जसा आपला ज्येष्ठ म्हणजे जून नव्हे. नारुसेंचा जन्म आन्सेइ (मेइजीच्या आधीचा एक कालखंड) ५, सहावा महिना, २३ वा दिवस. ‘२३ जून १८५८’ लिहिलं की चुकलं. ती तारीख २ ऑगस्ट १८५८ येते. (कर्व्यांचा जन्मही १८५८ चाच, १८ एप्रिलचा. असं काही हाती लागलं की निबंधाची सुरुवात सापडते.)

साधनं शोधताना रोमन लिपीत टाइप करू नये, कांजीतच, म्हणजे चिनी मूळच्या जपानी अक्षरांतच शोधावं. लेखांसाठी साइनी आणि जे-स्टेज ही जपानी संकेतस्थळं. जे-स्टेजवरचे बरेचसे लेख फुकट उतरवता येतात. जुन्या पुस्तकांसाठी नॅशनल डाएट लायब्ररीचा डिजिटल संग्रह. काही पुस्तकं इथूनही थेट उघडतात, काही फक्त ठरावीक ग्रंथालयांतून, तर काही डाएट लायब्ररीत जाऊनच. इथे एक सापळा आहे. पडद्यावर दिसतो तो ‘कोमा’ क्रमांक, पान क्रमांक नव्हे. एका कोमात समोरासमोरची दोन पानं असतात आणि मुखपृष्ठही मोजलेलं असतं. त्यामुळे कोमा ४० वर पान ७० च्या आसपासचं काही असू शकतं. पान छापील आकड्यावरूनच द्यावं, कोमा स्वतःच्या टिपणात ठेवावा.

व्यक्तिनावांचा उच्चार अंदाजाने देऊ नये. त्याच दोन कांजी कुणाच्या घरी ‘नाकाजिमा’, कुणाच्या ‘नाकाशिमा’. डाएट लायब्ररीच्या अधिकृत नावांच्या यादीत काताकानातलं (उच्चार दाखवणाऱ्या लिपीतलं) वाचन मिळतं, ते पाहावं.

एन-वन, म्हणजे जेएलपीटीची सर्वांत वरची पातळी, उत्तीर्ण झालेल्यालाही १९०१ चा मजकूर अडतो, कारण ती बुन्गो आहे, जुनी व्याकरणपद्धती, आणि लेखनही जुन्या वळणाचं. लिहिलेलं असतं ‘केफु’, वाचायचं ‘क्यो’. त्यासाठी तीन-चार महिने वेगळे काढावेच लागतात. हस्तलिखित पत्रं असतील तर कुझुशिजी, म्हणजे जुनी जोडून लिहिलेली अक्षरं आली. मोडी शिकलेल्याला या वाटेचा अंदाज असतो.

आता वाचन. जपानी निवेदक मिनिटाला सुमारे ३०० अक्षरं वाचतात. वीस मिनिटांना ६००० झाली, म्हणजे ४०० चौकटींच्या गेन्कोयोशीचे (हस्तलिखितासाठीच्या आखीव कागदाचे) १५ कागद. आपण १२ कागदांवर थांबावं. अवतरणं वाचताना वेग उतरतो, आणि अवतरणं घाईने उरकलेला निबंध ऐकवत नाही.

श्रोत्यांना द्यायच्या कागदाला जपानीत ‘रेज्युमे’ म्हणतात. झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल नेऊ नये. तिथल्या संगणकावर जपानी फाँट नसला तर कांजीच्या जागी चौकोन छापले जातात. फाँट आत बसवलेली पीडीएफ न्यावी. त्याहून फसवा प्रकार म्हणजे चिनी फाँट. सगळं बरोबर दिसतं, पण ‘हाड’ या अर्थाच्या कांजीत वरच्या चौकटीतला छोटा कोपरा उजवीऐवजी डावीकडे वळलेला असतो. जपानी प्राध्यापकांच्या ते लगेच लक्षात येतं. फाँट जपानी निवडला आणि मजकुराची भाषाही ‘जपानी’ ठेवली की हे टळतं. उभ्या ओळींचा मजकूर असेल तर पिन वरच्या उजव्या कोपऱ्यात मारायची, आडव्याला डाव्या. दुकानदार सवयीने डावीकडेच मारतो, म्हणून स्टेपलर आपला न्यावा.