शिकागोतल्या वस्त्या कोणी बसवल्या?

शिकागोचा नकाशा उघडला की पोलिश भाग, चिनी भाग, मेक्सिकन भाग अशी रंगीत वाटणी दिसते. माणसं आपल्या माणसांच्या ओढीनं एकत्र आली, असं त्यावरून वाटतं. ओढ होतीच, पण वस्ती नेमकी कुठे पडणार हे ठरवलं ते कामाच्या जागेनं, घरकर्जानं आणि सरकारी कायद्यानं.

आयरिश मजूर ब्रिजपोर्टला राहिले, कारण इलिनॉय-मिशिगन कालव्याचं खोदकाम १८३६ साली तिथून सुरू झालं. १८६५ मध्ये युनियन स्टॉक यार्ड्स हा गुराढोरांचा प्रचंड बाजार उघडला आणि त्याच्या मागच्या अंगाला पोलिश, लिथुएनियन कुटुंबं दाटीवाटीनं राहू लागली. वास कितीही असह्य असो, कामावर पायी जाता येत होतं.

ही सगळी यंत्रणा पिल्सन या वस्तीत सर्वांत स्पष्ट दिसते. १८७१ च्या आगीनंतर चेक लोक इथे सरकले. नदीकाठच्या लाकडाच्या वखारी आणि कारखाने जवळ होते. घराचा प्लॉट शहरभर ठरलेला, २५ फूट रुंद आणि १२५ फूट खोल. त्यावर ‘टू-फ्लॅट’ बांधायचं: दोन मजले, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड. एका मजल्यावर मालक, दुसऱ्यावर भाडेकरू, आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता. कर्ज मिळायचं चेक लोकांनीच काढलेल्या पतसंस्थांमधून. आठवड्याला थोडी थोडी रक्कम भरायची आणि जमलेल्या पैशांतून सभासदांची घरं उभी राहायची. भाडेकरू बहुधा गाववाला किंवा नातलगच. एक माणूस आला की मागून चार का येतात, त्याचं बरंचसं उत्तर या वरच्या मजल्यात आहे.

तिथे गेलात तर जमिनीकडेही बघा. गटारं टाकण्यासाठी शहरानं रस्ते उंच केले, जुनी घरं मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे कित्येक घरांचं अंगण फुटपाथच्या खाली खड्ड्यात आहे आणि दारापर्यंत छोट्या पुलावरून जावं लागतं. अठराव्या रस्त्यावर चेक काळातलं, १८९२ चं थालिया हॉल हे नाट्यगृह आजही उभं आहे. आसपासच्या कित्येक दुकानांच्या पाट्या मात्र स्पॅनिश.

मेक्सिकन लोक इथे मोठ्या संख्येनं आले त्यामागे एक विस्थापन आहे. जवळच्या निअर वेस्ट साइडमध्ये महामार्ग आणि इलिनॉय विद्यापीठाचं १९६५ मध्ये उघडलेलं आवार यांच्यासाठी घरं पाडली गेली. इटालियन आणि ग्रीक वस्त्यांचे लचके तुटले, मेक्सिकन कुटुंबं दक्षिणेला पिल्सनला गेली. आता त्यांच्यावरच तीच पाळी आली आहे. शिकागो ज्या कुक काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिथे दर तीन वर्षांनी मालमत्तेचं फेरमूल्यांकन होतं. शेजारचं घर महाग विकलं गेलं की म्हाताऱ्या मालकाचा कर वाढतो, भाडं वाढतं, शेवटी घर विकलं जातं. घेणारा दोन बिऱ्हाडांचं एकच घर करतो. म्हणजे स्वस्त भाड्याचा मजलाच नाहीसा! २०२१ मध्ये शहरानं अशा बदलांवर निर्बंध आणले आणि पाडकामावर किमान १५,००० डॉलर अधिभार लावला. माझ्या मते बऱ्याच उशिरा.

चायनाटाउनची गोष्ट थोडक्यात: मूळ वस्ती शहराच्या मध्यात, क्लार्क स्ट्रीटवर. भाडेवाढ आणि भेदभाव यांमुळे १९१२ च्या सुमारास ती दक्षिणेला वेंटवर्थ अ‍ॅव्हेन्यूकडे हलली.

भारतीयांच्या बाबतीत कायद्याचा हात उघड दिसतो. अमेरिकेच्या १९४६ च्या स्थलांतर कायद्यानं वर्षाला फक्त १०० भारतीयांना प्रवेश होता. १९६५ च्या कायद्यानं देशामागे वर्षाला २०,००० ची मर्यादा ठेवली आणि कुशल कामगार व नातलगांना प्राधान्य दिलं. आधी आले डॉक्टर आणि इंजिनिअर. त्यांना कामाजवळ दाटीनं राहायची गरज नव्हती, गाडी होती. म्हणून शहराच्या उत्तरेकडचा डेव्हन अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता आधी बाजार झाला. तेव्हा तो प्रामुख्यानं ज्यू भाग होता. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा साखळीचं पहिलं दुकान तिथे १९७४ चं. सुस्थितीतले भारतीय नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांत राहतात आणि किराण्यासाठी डेव्हनला येतात. तिथे भाड्यानं राहणाऱ्यांत नव्यानं आलेलेच बरेच. २०१६ मध्ये त्याच रस्त्यावर रोहिंग्या सांस्कृतिक केंद्र सुरू झालं.

रस्त्याच्या खांबांवर गांधी मार्ग, जिना आणि गोल्डा मेयर यांच्या नावाच्या तपकिरी पाट्या आढळतील. ती नावं फक्त मानाची आहेत. पत्ता लिहिताना डेव्हनच लिहा.