कोणी मारला?

गोव्यात बार्देशातल्या एका गावचं मैदान, आंतरगाव फुटबॉलचा अंतिम सामना, यूट्यूबवर थेट, आणि मराठीत बोलायला मी. सहा महिने भाईंच्या हाताखाली उमेदवारी केली होती. अख्खा सामना पहिल्यांदाच एकट्याकडे आला होता.

लोकांना वाटतं, समालोचन म्हणजे तोंड चालवणं. खरं काम आदल्या रात्रीचं. एका पुठ्ठ्यावर दोन्ही संघ मैदानावर उभे राहतील तसे मांडायचे, नंबर ठसठशीत, खाली नाव. पण गावच्या स्पर्धेत नंबरावर भरवसा ठेवला की संपलं. त्या दिवशी एकाच संघात तीन फर्नांडिस. त्यातल्या एकाचा शर्ट फाटला म्हणून त्यानं बदली खेळाडूचा चढवलेला. आयोजकांनी दिलेल्या यादीत पाच नावं चुकीची (सत्काराच्या शाली मात्र मोजून, नावासकट तयार होत्या). म्हणून मी सराव चालू असताना रेषेवर उभा राहून टिपून घेतो: हिरवे बूट, घोट्यापर्यंत घसरलेले मोजे, कोपराला पट्टी, एक खांदा पाडून धावणारा. चिखलात नंबर पंधरा मिनिटांत पुसला जातो, धावण्याची ढब तीच राहते. तिन्ही फर्नांडिस मी शेवटपर्यंत बरोबर ओळखले. कोणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगून टाकतो.

उत्तरार्धात पाऊस आला. कॅमेऱ्याच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं, चित्र गेलं, आवाज मात्र लोकांपर्यंत पोहोचत राहिला. माझ्यासमोर मॉनिटर नव्हता. एकच होता, तो पाहुण्यांच्या मांडवात. मिक्सरवरचा पोरगा ताडपत्री शोधायला पळाला आणि मला सांगावं असं कोणालाच सुचलं नाही. अकरा मिनिटं लोक काळ्या पडद्याकडे बघत मला ऐकत होते.

सामन्यातला एकमेव गोल त्याच अकरा मिनिटांत झाला.

रेकॉर्डिंगमध्ये मी असा ऐकू येतो: ‘आता बघा... अरे वा... आणि गोऽऽल! बघा, कसा वळवलाय!’ मग नुसता गलका. कुठल्या संघानं मारला, कोणी मारला, हे पुढची चाळीस सेकंद माझ्या तोंडून निघालंच नाही. खाली प्रतिक्रियांची रांग: ‘कोणें मारलो रे?’ तीन फर्नांडिस ओळखणारा मी, आणि मारला होता त्यांच्यातल्याच हिरव्या बुटांच्या फर्नांडिसनं.

भाई जुने रेडिओवाले. पहिल्याच दिवशी त्यांनी १९२७ची गोष्ट सांगितली होती. बीबीसीनं लंडनच्या हायबरी मैदानावरून आर्सेनल आणि शेफिल्ड युनायटेडचा सामना ऐकवला, तेव्हा रेडिओ टाइम्स या त्यांच्या साप्ताहिकात मैदानाचा आठ चौकोनांचा नकाशा छापला होता. एकजण खेळ सांगायचा, दुसरा मधूनमधून चौकोनाचा आकडा. ‘आपल्याला आकडे कशाला?’ भाई म्हणाले होते. ‘कपेलाकडचा (छोट्या चर्चकडचा) गोल, माडांकडचा गोल म्हण. गावातल्या म्हातारीलाही कळेल. आधी चेंडू कुठे, मग कोणाकडे, मग कुठल्या दिशेनं. तुझं मत सगळ्यात शेवटी.’

पुढे निर्मात्यानं मला उलटं शिकवलं: दिसतंय ते सांगू नकोस, गप्प राहायला शीक. तेही चूक नाही. टीव्हीवर सतत बडबडणारे मला स्वतःलाच असह्य होतात.

केबलचा दोष केबलचा, असं म्हणून मी सुटलोही असतो. पण दोन दिवसांनी एका तारवट्याचा, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याचा, निरोप आला. जहाजावर नेट मोजून मिळतं, म्हणून तो व्हिडिओ बंदच ठेवतो, नुसतं ऐकतो. त्यानं लिहिलं होतं, ‘पावसाचं जाऊ दे. पूर्वार्धातही आपला संघ कुठे खेळतोय ते मला एकदाही कळलं नाही.’

मोबाइल पालथा ठेवून मी पूर्वार्ध ऐकला. ‘सुंदर’ सव्वीस वेळा. स्कोअर तीनदा.

भाईंना ऐकवलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘निर्माता पैसे देतो, त्याचं ऐक,’ एवढंच म्हणाले. ते मला अजून खटकतं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी पुन्हा बसलो. दुसऱ्याच मिनिटाला ‘यजमान माडांच्या दिशेनं, चेंडू नाईककडे’ म्हटलं. हेडफोनमध्ये निर्माता: ‘दिसतंय रे लोकांना.’

नाईकनं पास दिला. कोणाला दिला, तेही मी सांगितलं.