खुर्चीत बसून ६/६

मी ऑप्टोमेट्रिस्ट. दिवसभर काचा बदलत 'हे बरं दिसतंय की हे?' विचारायचं. निम्मे पेशंट उजव्या डोळ्याने वाचतानाच चार्ट पाठ करतात, म्हणून डाव्याला मी चार्ट बदलतो. या मुलीने दोन्ही चार्ट धडाधड वाचले. ६/६, म्हणजे नजर अगदी पूर्ण. तक्रार एवढीच, की पोलीस भरतीचं ८०० मीटर पळताना दुसऱ्या राउंडला डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं. सावलीत बसून तोंडावर पाणी मारलं की जातं.

अकॅडमीतले सर म्हणाले, टेन्शन घेतेस. एका डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. एका चष्मेवाल्याने पाव नंबर गळ्यात मारला. पाव नंबर! तिला पळायला कुणीच लावलं नव्हतं.

मी ड्रॉप्सच्या बाटलीचं लाल बूच समोर धरलं. उजव्या डोळ्याला लालभडक, डाव्याला 'धुऊन विटल्यासारखं'. टॉर्च उजव्या डोळ्यावरून डाव्यावर नेला, तर डावी बाहुली आवळायची सोडून हळूच सैल पडली, म्हणजे डाव्या डोळ्याच्या नसेतून संदेश नीट जात नव्हता. खोदून विचारल्यावर आठवलं : दिवाळीच्या सुमारास तो डोळा फिरवला की दुखायचा, अंधुकही दिसायचं. डोळे आले असतील म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं.

मग तिला जिना चढ-उतर करायला लावला. रिसेप्शनवरच्या मॅडमना वाटलं, माझं डोकं फिरलं. घामाघूम होऊन खुर्चीत बसली. उजवा ६/६, डावा ६/१८, म्हणजे चांगलाच अंधुक. पंख्याखाली, मानेवर ओला रुमाल ठेवून थांबलो, तर डावा पुन्हा ६/६.

विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० साली हेच नोंदवलं होतं. डोळ्याच्या नसेवरचं मायलिनचं आवरण सुजेने खराब झालं असेल, तर अंग अर्धा अंश तापलं तरी संदेश अडतो, निवलं की पुन्हा जातो. पळण्याने नस आणखी बिघडत नाही, पण यामागे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतलं हेच आवरण खराब करणारा आजार, असू शकतो. पूर्वी त्याच्या निदानासाठी रुग्णाला चक्क गरम पाण्यात बसवत.

आमच्या डॉक्टरांनी तपासून न्यूरोकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे, चिठ्ठी दिली, एमआरआय लिहिला. चिठ्ठी घडी करत तिने विचारलं, "सर, भरतीच्या मेडिकलला हे कळेल का?"

"नुसता चार्ट वाचायला लावला तर नाही कळणार."

"मग ग्राउंड झालं की करते."

पळायला मनाई नाही, पण एमआरआय आत्ताच कर, हे तिला आणि तिच्या वडिलांना समजावून झालं. फोन केला की वडील म्हणतात, पुढच्या आठवड्यात नक्की. पोरगी रोज पहाटे ग्राउंडवर असते.